शनिवार कुणाचा

त्या मैदानाची आठवण आली की आधी वारा येतो. आखन शहर पश्चिमेला जिथं संपतं तिथं, बसच्या शेवटच्या थांब्यापासून थोडं चाललं की पॉपलरच्या उंच झाडांची रांग लागते आणि तिच्यामागे ते मैदान. तिथं आपण कोणत्या देशात आहोत हे मोबाइलला नीट कळत नाही. खिशात तो मधूनच थरथरतो आणि नेदरलँड्समध्ये आपलं स्वागत करतो. चार पावलं मागे सरकलं की पुन्हा जर्मनी. मैदानाच्या एका लांब कडेला गवताचा उतार आहे. खुर्च्या नाहीत, छप्पर नाही. पीएचडीची सगळी वर्षं मी त्या उतारावर उभी राहिले. आता डोळे मिटून तो उतार आठवायला गेले तर त्याच्यावर नेहमी दुपारच असते, सप्टेंबरातली, पिवळसर आणि जरा झोपाळू.

खेळ रग्बीचा. पण टीव्हीवर कधी चुकून दिसतो तो नव्हे, त्याचा धाकटा भाऊ. एका बाजूला पंधराऐवजी तेरा माणसं. जर्मनीत हा खेळ फारच थोडे लोक खेळतात, आणि बघणारे त्याहून थोडे. मेन्झाच्या, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीच्या भिंतीवर एक हाती लिहिलेला कागद चिकटवलेला होता, "शनिवारी या, आत यायला जमेल तेवढं द्या," एवढाच मजकूर. परक्या गावात "या" म्हणणारा कागद दिसला की मला जावंच लागतं. मी तशीच वाढले आहे.

गेले, बघितलं, काहीच कळलं नाही. घरी येऊन वाचत बसले. तेव्हा समजलं की हा खेळ वेगळा झाला तोच एका खाड्यावरून. उत्तर इंग्लंडातल्या गिरण्यांमधले आणि खाणींमधले कामगार शनिवारी रग्बी खेळायचे. शनिवारी अर्धा दिवस काम असायचं. खेळायला गेलं की खाडा पडायचा, खाडा पडला की पगार कापला जायचा. त्यांचे क्लब म्हणाले, आम्ही या खाड्याची भरपाई देतो. लंडनकडचे सभ्य गृहस्थ म्हणाले, खेळ हा खेळ असतो, त्यात पैसा आणायचा नाही. ज्यांचा शनिवार मोकळा होता, त्यांनी ज्यांचा मोकळा नव्हता त्यांना खेळाचं पावित्र्य शिकवलं. मग उत्तरेकडचे क्लब उठले आणि वेगळे झाले.

हे वाचून मी खोलीत उभीच राहिले. त्या दिवसापासून हा खेळ माझा झाला. नियम नंतर शिकले.

आमच्या घरी पुस्तकं यायच्या आधी पत्रकं आली. बाबा पुण्याजवळच्या एका सरकारी कारखान्यात कामाला, आम्ही त्याच्याच वसाहतीत राहायचो. चौदा एप्रिलचं पत्रक, सहा डिसेंबरचं पत्रक, कँटीनच्या चहाबद्दलचं पत्रक, बढतीतल्या अन्यायाबद्दलचं पत्रक. गुलाबी, पिवळी, फिकट हिरवी, एका बाजूला छापलेली आणि दुसऱ्या बाजूला कोरी. कोऱ्या बाजूवर मी गणितं करायचे, आणि गणित अडलं की उलटवून वाचायचे. "बंधू आणि भगिनींनो" हे मला "अ आ इ ई"च्याही आधी पाठ होतं. अजूनही एखादी गोष्ट चुकीची दिसली की तिच्याबद्दल माझ्या डोक्यात आपोआप मथळा तयार होतो, आणि त्याच्यापुढे उद्गारचिन्ह.

बाबांना मी दर शनिवारी मॅचनंतर फोन करायचे. ते या खेळाला पडापडी म्हणायचे.

"काय गं, झाली का आज पडापडी?"

"झाली. हरलो."

"किती वेळा पडले?"

"बाबा, पडले किती ते नाही मोजत."

"मग काय मोजतात? पडतात तर सारखे."

मी समजावून सांगायचे. हातात चेंडू घेतलेल्या माणसाला समोरच्यांनी धरून पाडलं की तो उठतो, चेंडू पायाने मागे सारतो, मागचा तो उचलतो आणि पुन्हा पळतो. असं सहा वेळा. सहाव्यांदा पाडलं की चेंडू दुसऱ्या संघाला. बाबा कबड्डीवाले. त्यांना हे आवडलं की पडलेला माणूस बाद होत नाही. "म्हणजे उठायची परवानगी आहे," ते म्हणाले. आणि दुसरी गोष्ट त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतली, की हातातला चेंडू पुढच्या माणसाकडे फेकता येत नाही, फक्त मागच्याकडे. "म्हणजे मागच्याच्या हातात देत देत पुढं जायचं?" हो. "हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल गं?" 

ते निवृत्त झाले तेव्हा मी त्यांना बोलावून घेतलं. आई म्हणाली, विमानात मला गुदमरतं, तू तुझ्या बापालाच ने. त्यांना इथलं काय बघायचं आहे असं विचारलं, तर मला वाटलं होतं चर्च म्हणतील, किंवा नदी, किंवा माझी प्रयोगशाळा. ते म्हणाले, "एक पडापडी. बाकी तू म्हणशील ते."

एक मॅच. एवढंच मागितलं होतं त्यांनी.

पण या खेळाची मॅच बघणं म्हणजे पाऊस बघण्यासारखं आहे, तो आपल्या सोयीने येत नाही. ज्या देशात दाताच्या डॉक्टरची वेळ पुढच्या ऋतूची मिळते आणि मित्राकडे जेवायला जायचं तर आधी कॅलेंडर काढतात, त्या देशात आमच्या मॅचची वेळ आदल्या गुरुवारी कळायची. मैदान महापालिकेचं. त्याच्यावर पहिला हक्क फुटबॉलवाल्यांचा, मग मुलांच्या फुटबॉलचा, मग मैदान राखणाऱ्या माणसाच्या मर्जीचा, आणि मग आमचा. गवत ओलं असलं की मैदान बंद. पाहुण्या संघाची व्हॅन बिघडली की मॅच पुढे. वेळापत्रकाच्या खाली बारीक अक्षरात नेहमी लिहिलेलं असायचं की बदल होऊ शकतो. मी गमतीने म्हणायचे, हेच खरं वेळापत्रक आहे, वरचं सगळं शोभेला.

बाबा आले आणि पहिली मॅच पाण्यात गेली. दुसरी, पाहुण्यांची माणसं तेरा भरली नाहीत म्हणून. प्रत्येक वेळी बाबा तयार होऊन बसायचे, मफलर, स्वेटर, पायात मला मोठे पडणारे माझे बूट, आणि मी फोन बघून "नाही" म्हणायचे. ते मफलर काढून घडी करून ठेवायचे. त्या घडीचाच मला राग यायचा.

मग मोठी बातमी आली. जर्मनी विरुद्ध नेदरलँड्स, दोन देशांच्या संघांची मॅच, आणि ती आमच्या मैदानावर. शनिवारी दुपारी. बाबांचा व्हिसा त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी संपत होता, आणि रविवारी दुपारीच त्यांचं फ्रँकफर्टहून विमान होतं. म्हणजे बरोबर आदल्या दिवशी. जणू कुणी आमच्यासाठीच बसवून दिलं होतं. पहिल्यांदाच तिकिटं ऑनलाइन निघाली, प्रत्येक तिकिटावर नाव. मी पहिल्याच सकाळी दोन काढली. बाबांनी माझ्या फोनवर त्यांचं तिकीट उघडून दोन बोटांनी मोठं करून बघितलं, आणि स्वतःचं नाव रोमन लिपीत हळूहळू वाचलं.

मॅचच्या आदल्या आठवड्यात ईमेल आला. मॅच रविवारी दुपारी हलवण्यात आली आहे. काढलेली तिकिटं वैध राहतील.

मी तो ईमेल बाबांना वाचून दाखवला.

"वैध म्हणजे?"

"म्हणजे चालतील."

"तिकिटं चालतील," बाबा म्हणाले, "मी नाही चालणार." आणि हसले. मफलर घडीच करून ठेवलेला होता, त्यावर त्यांनी हात ठेवला.

मी पेटले. कारण मला लगेच दिसलं, या शनिवारच्या आड कोण आलं असेल ते. या मॅचचं इंटरनेटवरून थेट प्रक्षेपण होणार होतं. कोणी तरी प्रायोजक असेल, त्याला रविवार सोयीचा असेल. ज्या खेळाचा जन्मच कामगाराच्या शनिवारातून झाला, त्याचा शनिवार विकला! मथळा तयार झाला होता. उद्गारचिन्हासकट.

"बाबा, पत्रक काढू या."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांच्या सगळ्या मुक्कामात बघितलं नव्हतं. ते उठून टेबलाशी बसले, मांडी घालून, खुर्चीवरच.

दोन संध्याकाळी आम्ही ते लिहिलं. ते मराठीत सांगायचे, मी जर्मन करायचे. "बंधू आणि भगिनींनो"च्या जागी मी "रग्बीमित्रांनो" लिहिलं. ते म्हणाले कोरडं वाटतं. मी म्हटलं, ही माणसं एकमेकांची भावंडं व्हायला तयार नाहीत. मग खाड्याचा इतिहास, मग सवाल: शनिवार कुणाचा? मग मागणी.

"आणि खाली नावं," बाबा म्हणाले.

"कुणाची?"

"सगळ्यांची. बिननावाचं पत्रक कोण वाचतं? वर निमंत्रक, खाली आपले विनीत."

आमच्याकडे हे असंच असतं. पत्रकाच्या खालचा निम्मा भाग नावांचा. नाव छापायच्या आधी विचारायची पद्धत नाही, नाव छापणं हाच मान. विचारलं नाही म्हणून कुणी रागवत नाही, राहिलं म्हणून रागावतात. एकदा एका काकांचं नाव चुकून गळालं तर ते सहा डिसेंबरपासून होळीपर्यंत आमच्या दारावरून जय भीम न घालता जात होते. बाबांनी तो प्रसंग मला पुन्हा सांगितला, आणि उतारावरच्या एकाचंही नाव गाळायचं नाही असं बजावलं.

जर्मनीत हे चालत नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही. इथं स्वतःच्या दारावर नावाची पाटी लावतानाही विचार करतात. पण असा कागद समोर आला की मी आखनमध्ये नसतेच. मी आमच्या वसाहतीतल्या पिवळ्या दिव्याखाली असते आणि शाई ओली असते. प्रेक्षकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यातून मी नावं काढली. बाबांनी ती वयाप्रमाणे लावायला सांगितली, वय मी अंदाजाने ठरवलं. विद्यापीठाच्या कॉपीच्या दुकानात फिकट हिरवा कागद मिळाला. बाबांनी गठ्ठा नाकाशी धरला आणि डोळे मिटले.

बुधवारी संध्याकाळी संघाचा सराव असायचा. नेहमीचे बरेच प्रेक्षक तेव्हाही येतात, कुत्री फिरवायला, बिअर प्यायला, उगाच. ऊन तिरपं झालं होतं आणि पॉपलरच्या सावल्या मैदान ओलांडून पलीकडे गेल्या होत्या. बाबा फाटकाशी उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पत्रक देत होते. दोन्ही हातांनी, किंचित वाकून. लोक घेतही होते, कारण इतक्या आदराने दिलेलं कसं नाकारणार.

मग मी बघितलं की वरचा मजकूर कुणीच वाचत नव्हतं. सगळ्यांची बोटं खालून वर सरकत होती.

"हे माझं नाव आहे," एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या. "हे इथं का आहे?"

"मला कुणी विचारलं?" दुसऱ्याने विचारलं.

"डाटनशुट्स!" कुणी तरी मागून ओरडलं. म्हणजे वैयक्तिक माहितीचं संरक्षण. या देशात हा शब्द आमच्याकडच्या "पोलीस आले, पोलीस आले"सारखा उच्चारतात.

"काय म्हणतायत?" बाबांनी विचारलं. "कुणाचं राहिलं का?"

"नाही बाबा. सगळ्यांचं आलंय म्हणून रागावलेत."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भाषांतरात काही तरी चुकले असणार.

एक म्हातारे गृहस्थ पत्रक चष्म्याजवळ नेऊन म्हणाले, "हे माझं नाव नाही. माझ्या कुत्रीचं आहे." ग्रुपमध्ये त्यांनी आपल्या जागी तिचं नाव लावलं होतं. "वयाने सर्वांत ज्येष्ठ म्हणून पहिलं घातलंय का? मी तिला विचारलं. तिची हरकत नाही."

हसू फुटलं, आणि तेवढ्यात गेटवाल्या बाई आल्या.

त्यांच्याबद्दल सांगायला हवं. या खेळाचा आमचा फेराइन, म्हणजे नोंदणी केलेलं मंडळ, त्या एकट्या चालवायच्या असं म्हटलं तरी चालेल. दिवसा बालवाडीत शिकवायच्या. मॅचच्या दिवशी पिवळा रेनकोट घालून फाटकाशी टेबल मांडायच्या, समोर बिस्किटांचा डबा, त्यात जमेल तेवढं टाकायचं, आणि मग त्या आपल्या मनगटावर शिक्का मारायच्या. शिक्का बालवाडीतलाच. निळी गोगलगाय. तो मारला की आपण दिवसभर आतबाहेर करायला मोकळे. ऑनलाइन तिकिटांचा त्यांना मनापासून तिटकारा होता.

त्यांनी पत्रक पूर्ण वाचलं. वरून खाली.

"आल्झो," त्या म्हणाल्या. म्हणजे, हं, तर मग. "पहिली गोष्ट. माझं नाव दोनदा आहे."

"एकदा निमंत्रक म्हणून, एकदा विनीत म्हणून," मी म्हटलं. आवाज जरा खाली गेला होता.

"मी काही कुणाला निमंत्रण दिलेलं नाही. नावांची पट्टी कापून टाकायची, आज, इथं, माझ्यासमोर. कात्री माझ्याकडे आहे. दुसरी गोष्ट. शनिवार कोणी काढून घेतला असं लिहिलंय तुम्ही?"

"प्रक्षेपणवाल्यांनी. प्रायोजकांनी."

"कोण प्रायोजक?" त्यांनी सभोवार बघितलं, जणू कुठं उभा असेल तर मला दाखवाच. "प्रक्षेपण माझा भाचा करतो. मोबाइलवर. आता खेळणारे बघा, जर्मनीच्या संघात निम्मे हेच आहेत." त्यांनी मैदानाकडे बोट केलं, माणसं पळत होती, पडत होती, उठत होती. "तो मुलगा सुपरमार्केटमध्ये कामाला. एरवी शिफ्ट बदलून शनिवारी येतो, या वेळी सुट्टी मागितली, मिळाली नाही. तो दाढीवाला पार्सलच्या गोदामात. तो मोटारींच्या वर्कशॉपमध्ये. डच संघातही तीच गत. रविवारी इथं सगळं बंद असतं, म्हणून रविवारी ते मोकळे. त्यांनीच मला विचारलं, मॅच रविवारी करता येईल का? या शनिवारी खेळलो तर पगार जातो. मी महासंघाशी भांडले त्याच्यासाठी. गेनाऊ, अगदी बरोबर, मीच."

माझ्या हातात हिरवा गठ्ठा होता. त्याच्यावर मोठ्या अक्षरात विचारलेलं होतं, शनिवार कुणाचा. बाईंनी उत्तर दिलं होतं.

"काय म्हणतात ताई?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं. सांगताना मला आधीच माहीत होतं ते काय म्हणतील, म्हणून सावकाश सांगत होते. रविवार राहिला तर बाबांची मॅच गेली. शनिवार आणायचा तर त्या दाढीवाल्याचा खाडा.

बाबा मैदानाकडे बघत राहिले. सुपरमार्केटमधला तो मुलगा पाडला गेला, उठला, चेंडू टाचेने मागे सारला.

"खाडा पडत असेल तर मग झालं," ते म्हणाले. "मग काय बोलायचं? पत्रकात आपण तेच तर लिहिलंय."

"पण बाबा, तुमचं काय?"

"माझं काय? मी रिटायर माणूस. मला काय रविवार नि काय शनिवार." मग जरा हसून, "तू आधी विचारायचं होतंस गं कुणाला, कोण आहे पलीकडे. आम्ही निदान गेटवर उभं राहून चहा पीत विचारायचो."

ते खाली बसले आणि बाईंच्या कात्रीने नावांची पट्टी कापायला लागले. एकेक पत्रक, सरळ रेषेत. बाई त्यांच्या शेजारी गवतावर बसल्या आणि कापलेल्या पट्ट्या रेनकोटाच्या खिशात भरू लागल्या. म्हाताऱ्या गृहस्थांनी कुत्रीचं नाव असलेली एक पट्टी मागून घेतली. मी एकटीच उभी होते. मला राग येत होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझं म्हणणं आणि माझं मागणं एकमेकांच्या विरोधात उभं होतं.

जाताना बाईंनी विचारलं, "तुमचे बाबा शनिवारी काय करणार आहेत?"

"काही नाही," मी म्हटलं. "तेच तर."

"मग या दोघं. मैदान आखायचं आहे. माझी आखणारी सगळी माणसं शिफ्टवर आहेत. शिक्षा समजा."

तो शनिवार मला असा आठवतो, की तो खरा होता की मी नंतर घडवला याची खात्री देता येत नाही. सकाळी धुकं होतं. मैदानाची पलीकडची कड दिसत नव्हती, आणि गोलचे दोन उंच खांब वर कुठंतरी विरून गेले होते. बाई एक चाकांचं यंत्र घेऊन आल्या, त्यात पातळ पांढरा रंग. ढकललं की मागे रेघ उमटते. बाबांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"फक्की!" ते म्हणाले. वसाहतीतल्या कबड्डीच्या मैदानावर चुन्याची फक्की मारणं हे वर्षानुवर्षं त्यांचंच काम. पाटी काखेत धरून, मुठीतून सोडत. "इथं मशीनने मारतात होय?"

बाईंनी दोरी ताणली, मी एका टोकाला बसले. बाबा यंत्र घेऊन धुक्यात शिरले. माझे मोठे बूट, मफलर, आणि मागे लांबत जाणारी पांढरी रेघ. थोड्या वेळाने ते दिसेनासे झाले, नुसता चाकांचा कुरकुर आवाज येत राहिला. मग दुसऱ्या बाजूने परत उगवले. रेघ एका जागी जरा वाकली होती. बाई म्हणाल्या, राहू दे, तिथं कोणी ना कोणी पडतंच.

आखून झालं तेव्हा धुकं उठत होतं. ताज्या रेघांचं मैदान रिकामं, ओलं, चकचकीत. आम्ही उतारावर माझ्या नेहमीच्या जागी जाऊन बसलो. बाबांनी डबा उघडला, पोळीचा लाडू. बाई खाली टेबल आवरत होत्या.

"हं," बाबा म्हणाले. "सुरू कर."

"काय?"

"मॅच. कुठून येतात ते?"

मी वेड्यासारखं त्यांच्याकडे बघितलं. ते मैदानाकडे बघत होते, गुडघ्यांवर हात, मान किंचित पुढं.

मी सुरू केली. त्या पॉपलरकडून आपले, या बाजूने डच, नारिंगी शर्ट. डच चेंडू लाथाडतात, तो इथं पडतो, तुम्ही काढलेल्या रेघेच्या आत. आपला सुपरमार्केटवाला उचलतो. पळतो. पाडला. उठला. मागे सारला. आता गोदामवाला. पाडला. उठला.

"दोन झाले," बाबा म्हणाले.

"दोन. आता तो उजवीकडे देतो, मागे, मागे, आणि तो बघा, कडेने कोणी नाही."

"पळ की," बाबा पुटपुटले. रिकाम्या मैदानाकडे बघून. "अरे पळ!"

मी बोलत राहिले. किती वेळ ते ठाऊक नाही. ऊन आलं, गवतातून वाफ निघू लागली, आणि त्या वाफेत मला खरोखरच माणसं दिसत होती. खिशात फोन थरथरला, नेदरलँड्सने आमचं स्वागत केलं. बाबांनी मध्येच पंचाला नावं ठेवली. मध्यांतरात आम्ही उरलेला लाडू खाल्ला.

शेवटची शिट्टी मी तोंडाने वाजवली. खाली बाईंनी वर बघितलं. त्यांनी बहुधा सगळं ऐकलं असावं, मराठीत का असेना. त्या उतार चढून वर आल्या, रेनकोटाच्या खिशातून शिक्का काढला आणि बाबांसमोर हात पसरला. बाबांना कळेना. मी म्हटलं, मनगट द्या. त्यांनी स्वेटरची बाही वर केली. बाईंनी शिक्का मारला आणि त्याच्यावर फुंकर घातली, जशी त्या बालवाडीत घालत असतील.

"हा उद्याही चालतो," त्या म्हणाल्या. "सांगा त्यांना."

मी सांगितलं. बाबांनी दोन्ही हात जोडले. निळी गोगलगाय मधोमध आली.

रविवारी सकाळच्या गाडीने मी त्यांना फ्रँकफर्टला घेऊन गेले. ते वाटेत म्हणत होते, तू मॅचला जा, मी विचारत विचारत जाईन. मी म्हटलं, तुम्ही विचारत बसाल आणि विमान निघून जाईल. ते खिडकीतून बघत राहिले. तपासणीच्या काचेपलीकडे गेल्यावर त्यांनी मागे वळून हात वर केला, बाही खाली सरकली. इतक्या लांबून मला शिक्का दिसला नाही. पण त्यांनी तोच दाखवला हे मला कळलं.

परतीच्या गाडीत बाईंचा मेसेज आला. आपण हरलो होतो, चांगलेच. खाली एक फोटो होता, गर्दीने भरलेला उतार, आणि मैदानावर वाकलेल्या रेघेशी पालथा पडलेला कोणीतरी.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला.

"पोचले गं तुझे बाबा. काय घेऊन आलेत हे हातावर? आंघोळीला तो हात बादलीबाहेर धरून बसले होते."

"शिक्का आहे तो, आई. मॅचच्या तिकिटाचा."

"तेच सांगतायत सकाळपासून. बाहेर कट्ट्यावर सगळ्यांना गोळा केलंय. कोण कुठून पळालं, कोण कसा पडला. तो सुपरमार्केटातला मुलगा म्हणे फार चांगला आहे." मागून बाबांचा आवाज येत होता, मोठा, सभेतला. "अटीतटीची झाली म्हणे. आपण जिंकलो. खरं का गं?"

मी खिडकीपाशी उभी होते. पत्रकात खोटं छापायचं नाही, हे मला त्या आवाजानेच शिकवलेलं.

"कोणती म्हणतायत?" मी विचारलं. "शनिवारची ना?"

आईने तिकडे तोंड करून विचारलं. मग म्हणाली, "हो, शनिवारची."

"मग खरं आहे," मी म्हटलं. "ती आपण जिंकलो."